शंका विचारणाऱ्याला मंडळीत जागा द्या

मा. संपादक, स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी ख्रिस्ती घरांत एखाद्या तरुणाने श्रद्धेतल्या एखाद्या गोष्टीबद्दल 'मला हे पटत नाही' म्हटलं, की लगेच पाळकसाहेबांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, बोलावणं जातं. डोक्यावर हात ठेवून प्रार्थना होते, प्रश्न तसाच राहतो आणि पोरगं उपासनेला येणं बंद करतं. अशांसाठी प्रत्येक मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एक छोटा गट हवा.

माणसं पाच ते आठ. जास्त झाली की सभा होते आणि दोघंच बोलत राहतात. पंधरवड्यातून एकदा, दीड तास, कुणाच्या तरी घरी बसावं. पाळकांनी सुरुवातीला येऊ नये. दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करण्याचा विधी), लग्न, दफन हे सगळं ज्यांच्या हातात, त्यांच्यासमोर मोकळं कोण बोलेल?

एकाने प्रश्न पूर्ण मांडावा. बाकीच्यांनी उत्तर न देता आधी तो नीट समजून घ्यावा. बायबलमधलं वचन त्यानंतर उघडावं. आधीच वचन काढलं की विचारणारा आरोपी होतो. वाचायला बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक घ्या, स्तोत्र १३ आणि ८८ घ्या. ८८वं स्तोत्र अंधारातच संपतं, त्याला आशेची पुस्ती जोडू नका. योहानाच्या शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायात येशूचा शिष्य थोमा येशूच्या पुनरुत्थानाबद्दल 'पाहिल्याशिवाय मानणार नाही' म्हणतो, तरी आठ दिवसांनी तो इतर शिष्यांबरोबरच घरात असतो. त्याला कुणी बाहेर काढलेलं नव्हतं! पंडिता रमाबाईंनीही १८८३ च्या बाप्तिस्म्यानंतर त्रैक्याविषयीच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीविषयीच्या) शंका इंग्लंडमधल्या आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिनना पत्रांतून रोखठोक लिहिल्या.

आपल्याकडे उपासना मराठीत आणि शाळा बऱ्याचदा कन्नड किंवा इंग्रजीत. ज्या भाषेत प्रश्न सुचेल, त्या भाषेत विचारू द्यावा.

गट मोडतो तो बहुधा 'प्रार्थनेच्या विषया'मुळे. बैठकीतली गोष्ट नावानिशी महिला मंडळात प्रार्थनेसाठी सांगितली जाते आणि संध्याकाळपर्यंत आईबापांच्या कानावर जाते. म्हणून परवानगीशिवाय नाव बाहेर जाणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवावं. कुणाची झोप उडाली असेल, जगणं नको वाटत असेल, तर नुसत्या प्रार्थनेवर थांबू नये, डॉक्टरांकडे न्यावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे.

एवढं करूनही कुणी विश्वास सोडला, तर त्याच्याशी बोलणं तोडू नये. नाताळचा फराळ त्याच्या घरीही पाठवावा. मंडळ्यांच्या कमिट्यांनी येत्या उपवासकाळात (ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांत) असा एक गट सुरू करावा, ही कळकळीची विनंती.

— मराठी मंडळीतले काही वाचक, कॅम्प, बेळगाव