चार निबंध की एक?

पांढरकवडा, जि. यवतमाळ

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आणि सोबतची शोधनिबंधांची यादी मिळाली. प्राध्यापकपदाच्या अर्जासाठी एच-इंडेक्स, म्हणजे इतरांनी आपल्या निबंधांची किती उद्धरणे (उल्लेख) केली यावरून निघणारा आकडा, वाढावा म्हणून पऱ्हाटीच्या (कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या) कोळशाने पाण्यातले फ्लोराईड काढण्याचे तुझे सगळे काम चार लहान निबंधांत वाटून छापावे, असे तुझ्या सहकाऱ्यांनी सुचवले आहे आणि त्यावर तू माझे मत मागितले आहेस. माझ्या मते काम एक आहे, तर निबंधही एकच असावा.

एच-इंडेक्सबद्दल माझ्या मनात आकस नाही. हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये तो मांडला. ज्याच्या १५ निबंधांना प्रत्येकी किमान १५ उद्धरणे मिळाली, त्याने १५ ची पायरी गाठली, असा तो सरळ हिशेब आहे आणि नुसती निबंधांची संख्या वाढवून तो वाढत नाही, हा त्याचा गुणच म्हणायला हवा. परंतु तो कधी खाली येत नाही, त्यामुळे वयाने मोठ्या संशोधकाला आपोआप झुकते माप मिळते. शिवाय गुगल स्कॉलर प्रबंध आणि अहवालांतली उद्धरणेही धरतो, म्हणून तिथला आकडा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या सूचीपेक्षा बहुधा मोठा दिसतो; अर्जात कोणता आकडा कुठून घेतला, ते अवश्य लिही.

खरा प्रश्न उद्धरण कशासाठी झाले हा आहे. जगात सर्वाधिक उद्धृत झालेला निबंध म्हणून ओळखला जातो तो लॉरी आणि सहकाऱ्यांचा १९५१ चा, प्रथिने मोजण्याच्या पद्धतीवरचा. २०१४ पर्यंत त्याची उद्धरणे तीन लाखांवर गेली होती. तुमच्या अधिशोषणाच्या, म्हणजे पाण्यातला पदार्थ कोळशासारख्या घनाच्या पृष्ठभागावर धरून ठेवण्याच्या, क्षेत्रात ‘हो’ आणि ‘मॅके’ या संशोधकांच्या १९९९ च्या निबंधातले समीकरण जो तो आपल्या आकड्यांना लावून पाहतो, म्हणून त्याचीही उद्धरणे अफाट आहेत. उलट आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने पाण्यातले फ्लोराईड काढण्यासाठी विकसित केलेले नलगोंडा तंत्र घे. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर एवढ्यावर चालणाऱ्या या तंत्राचा उल्लेख नव्या निबंधांच्या प्रस्तावनेत पुष्कळदा येतो तो गाळ फार होतो आणि पाण्यात ॲल्युमिनियम उरते, हे दोष दाखवण्यासाठी. मोजणीत दोष दाखवणारे उद्धरण आणि आधार घेणारे उद्धरण एकाच भावाने धरले जाते.

आता तुझ्याच कामाकडे ये. ॲल्युमिनियमचा लेप दिलेल्या कोळशाची पहिली चाचणी तू ऊर्ध्वपातित पाण्यात सोडियम फ्लोराईड विरघळवून घेतलीस आणि क्षमता उत्तम आली. तोच कोळसा काचेच्या कॉलममध्ये भरून त्यातून आमच्याकडचे बोअरचे पाणी सोडल्यावर क्षमता बरीच घसरली, कारण या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असते, त्याने सामू चढतो आणि फ्लोराईडला कोळशावर जागा मिळणे कठीण होते. तू चार तुकडे केलेस, तर सर्वाधिक उद्धरणे पहिल्या तुकड्याला मिळतील, कारण तुलनेच्या तक्त्यात टाकायला सगळ्यांना मोठा आकडा हवा असतो. बोअरच्या पाण्याचा चौथा तुकडा मागे पडेल आणि फक्त पहिला वाचणारा माणूस हा कोळसा गावात जसाच्या तसा चालेल असे समजून बसेल. सुधाकर, माझ्या वर्गातल्या मुलांच्या दातांवर या फ्लोराईडचे तपकिरी पट्टे आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर १.५ मिलिग्रॅम फ्लोराईड चालते. ती मर्यादा तुझा कोळसा किती लिटर पाण्यापर्यंत राखतो, हेच इथल्या ग्रामपंचायतीला कळायला हवे आणि ते तुझ्या कॉलमच्या आलेखातच आहे. तो आलेख पहिल्या चाचणीच्या शेजारी, त्याच निबंधात छापला गेला पाहिजे.

निवड समितीची तुझी काळजी मला समजते. पोट आणि पद दोन्ही खरी आहेत. म्हणून अर्जासोबत एक पान स्वतंत्र जोड. आपले चार-पाच निबंध निवडून प्रत्येकाने नेमके काय साधले आणि पुढे कोणी ते कसे वापरले, हे दोन-दोन वाक्यांत लिही. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून माणसाचे काम तोलू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनाबद्दलच्या २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे; तो फॅक्टर नियतकालिकातल्या निबंधांना मिळणाऱ्या उद्धरणांची सरासरी सांगतो, तुझ्या निबंधाची नव्हे. समितीत एक जरी वाचणारा माणूस असला, तरी त्या पानाचा उपयोग होईल.

निबंधासाठी आणखी पाणी लागणार असेल, तर शाळेजवळच्या आणि वेशीवरच्या दोन्ही बोअरचे नमुने मी घेऊन ठेवतो. काच फ्लोराईड धरते म्हणून प्लॅस्टिकच्याच बाटल्या वापरीन. बाटलीवर सामू आणि तारीख याखेरीज आणखी काही नोंदवायचे असेल, तर कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रभाकर