थायरॉइडच्या गाठीला कोणती सुई?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत थायरॉइडच्या गाठींवर आलेल्या लेखात ‘एफएनएसीपेक्षा बायोप्सी खात्रीची’ असे एक वाक्य ओघात येऊन गेले. एफएनएसी म्हणजे बारीक सुईने सुट्या पेशी काढून तपासणे, बायोप्सी म्हणजे तुकडा काढून तपासणे. स्तनाच्या गाठीबाबत ते बऱ्याच अंशी खरे आहे. तिथे कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने तुकडा काढणे, आता रूढ झाली आहे. तोच हिशेब गळ्याला लावला की चुकतो. लेख न वाचताही पुष्कळ नातेवाईक ‘नुसती सुई नको, तुकडाच काढा’ असा आग्रह धरतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

एफएनएसीची सुई 23 ते 27 गेजची असते, बहुतेक ठिकाणी 25 ची. गेजचा आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. 25 गेजची सुई जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. तिच्यात सुट्या पेशी आणि पेशींचे पुंजके येतात. कोअरची सुई साधारण 18 गेजची, म्हणजे सव्वा मिलिमीटरची. ती स्प्रिंगच्या गनवर बसवलेली असते, खटका दाबला की एक-दोन सेंटिमीटर झेपावते आणि पेशींची मूळ मांडणी टिकलेला बारीक तुकडा कापून आणते. स्तनात ही झेप सहसा सुखरूप असते. गळ्यात ग्रंथीच्या मागे श्वासनलिका, बाजूला कॅरोटिड रोहिणी, आणि ग्रंथी स्वतःच रक्ताने भरलेली. त्यामुळे कोअर करायचीच तर सोनोग्राफीखाली, जागा बधिर करून आणि सरावाच्या हातानेच. नंतर गळ्यात रक्त साकळणे हा तिचा मुख्य धोका.

पण धोका बाजूला ठेवला तरी प्रश्न उरतोच: तुकड्यातून जास्त कळते का? थायरॉइडचा सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर पॅपिलरी. त्याची ओळख पेशीच्या केंद्रकात असते: मोठे, फिकट केंद्रक, त्यावर उभी घडी, आणि मधूनच केंद्रकात शिरलेला पेशीद्रव्याचा गोल ठिपका. हे सगळे चांगल्या स्मिअरवर (काचेवर पसरलेल्या पेशींच्या थरावर) स्वच्छ दिसते, त्यासाठी तुकडा लागत नाही. फॉलिक्युलर कॅन्सरचे नेमके उलट. त्याच्या पेशी साध्या, कॅन्सर नसलेल्या अॅडिनोमासारख्याच दिसू शकतात. गाठीने आपले कवच भेदले आहे का, किंवा ती रक्तवाहिनीत शिरली आहे का, यावरच निदान ठरते. त्यासाठी गाठ अख्खी काढून कवचाचे भरपूर छेद पाहावे लागतात. सव्वा मिलिमीटरच्या तुकड्यात कवचाचा एखादा कोपरा आला तर आला. म्हणजे जिथे बारीक सुई अडते, तिथे जाड सुईही बहुधा तिथेच अडते.

खरा फरक पडतो तो एफएनएसी कशी केली यात. तिच्याही दोन तऱ्हा आहेत. एकीत सुईला 10 मिलिची सिरिंज लावून दट्ट्या एक-दोन मिलि मागे ओढतात आणि गाठीत सुई मागेपुढे करतात. इथे सर्वाधिक होणारी चूक म्हणजे दट्ट्या सोडण्याआधी सुई बाहेर काढणे. मग सुईतला मोलाचा थेंब सिरिंजच्या नळीत उडतो आणि तिच्या भिंतीला चिकटून बसतो. दुसरी चूक म्हणजे जोर. जास्त ओढले की रक्त येते आणि पेशी त्यात हरवतात. दुसऱ्या तऱ्हेत सिरिंजच नसते. सुईचा हब (मागची जाड बाजू) चिमटीत धरून गाठीत पाच-दहा सेकंद भराभर मागेपुढे, किंचित फिरवत हलवायची. केशाकर्षणाने पेशी आपसूक वर चढतात. हबमध्ये थेंब दिसला की थांबायचे, बाहेर काढून हवा भरलेली सिरिंज जोडायची आणि थेंब स्लाइडवर उतरवायचा. दोन्हींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत पुरेसा नमुना मिळण्याच्या बाबतीत कोणा एकीची ठाम सरशी दिसत नाही. माझा कल असा: रक्ताळ गाठीला बिनसिरिंजची, घट्ट तंतुमय गाठीला किंवा पाणी भरलेल्या गाठीला सिरिंजची, आणि पहिल्या टोच्यात काही आले नाही तर तऱ्हा बदलायची, तीच घोकत बसायचे नाही. गाठीच्या वेगवेगळ्या भागांतून दोन ते चार टोचे पुरतात. खांद्याखाली उशी, मान मागे, आणि सुई आत असताना आवंढा गिळायचा नाही, हे रुग्णाला आधीच सांगून ठेवावे.

हाताला लागणारी गाठ चाचपून सुई घालण्याची पद्धत आपल्याकडे अजून सर्रास चालते. मोठ्या, घन गाठीला ती चालूनही जाते. पण अर्धी गाठ पाण्याची असेल, ती मागच्या बाजूला असेल किंवा अनेक गाठींपैकी एकच संशयास्पद असेल, तर सोनोग्राफीशिवाय सुई घालणे म्हणजे अंधारात तीर. पाण्याच्या गाठीत तर हमखास फसगत होते: पाणी निघते, गाठ बसते, सगळे खूश, आणि भिंतीला लागलेला घन भाग तसाच राहतो. पाणी काढल्यावर उरलेल्या घन भागात पुन्हा सुई घालायलाच हवी, आणि काढलेले पाणी बेसिनमध्ये न ओतता लॅबला द्यायला हवे.

स्लाइडचे हाल हा आमचा जुना सल. पॅपनिकोलाउ रंगासाठीची स्लाइड पसरताक्षणी 95 टक्के अल्कोहोलमध्ये बुडाली पाहिजे. काही सेकंद उशीर झाला की पेशी वाळून फुगतात, केंद्रकातले बारकावे पुसट होतात, आणि नेमक्या याच बारकाव्यांवर पॅपिलरीचे निदान टेकलेले असते. गीम्सा या दुसऱ्या रंगासाठीची स्लाइड उलट पटकन, पूर्ण हवेत वाळवायची. ती फॉर्मॅलिनच्या उघड्या बाटलीशेजारी ठेवली तर वाफेने रंग बिघडतो. बायोप्सीची बाटली आणि एफएनएसीच्या स्लाइड एकाच डब्यात घालून पाठवणारे दवाखाने कमी नाहीत. नमुना घेताना पॅथॉलॉजिस्टने तिथेच एक स्लाइड झटपट रंगवून ‘पुरेसे आहे’ किंवा ‘अजून एक टोचा’ असे सांगितले, तर वाया जाणाऱ्या फेऱ्या बऱ्याच वाचतात.

‘पुरेसे’ याचाही ठरलेला निकष आहे. नीट दिसणाऱ्या फॉलिक्युलर (थायरॉइडच्या मूळ) पेशींचे किमान सहा पुंजके, प्रत्येकात किमान दहा पेशी. भरपूर कोलॉइड (ग्रंथीतला दाट द्रव) असेल किंवा संशयास्पद पेशी दिसल्या तर ही अट शिथिल होते. हा निकष बेथेस्डा पद्धतीतला, म्हणजे थायरॉइडच्या एफएनएसी रिपोर्टांच्या ठरलेल्या वर्गवारीतला. तिच्या 2023 च्या तिसऱ्या आवृत्तीत सहा श्रेणींमागे कॅन्सरची सरासरी शक्यता दिली आहे: पहिली, अपुरा नमुना, 13 टक्के, दुसरी, साधी गाठ, 4, तिसरी, अनिश्चित, 22, चौथी, फॉलिक्युलर गाठ (साधी की कॅन्सरची हे न ठरलेली), 30, पाचवी, संशयास्पद, 74, सहावी, कॅन्सर, 97. म्हणून ‘काही सापडले नाही’ आणि ‘साधी गाठ आहे’ या दोन रिपोर्टांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्या श्रेणीचा कागद हाती घेऊन निर्धास्त घरी जाणारे रुग्ण पाहिले की जीव कासावीस होतो. तिथे सोनोग्राफीखाली सुई पुन्हा घालायची असते.

मग कोअर कधी? दोनदा नीट केलेली एफएनएसी अपुरी ठरली तर. गाठीभोवती चुन्याचे कवच असून बारीक सुई वाकत असेल तर. झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) किंवा अॅनाप्लास्टिक कॅन्सरची शंका असेल तर ती हवीच, कारण तिथे पेशींची ओळख पटवणाऱ्या वेगवेगळ्या मार्करसाठी भरपूर ऊतक लागते. तिसऱ्या श्रेणीतही काही केंद्रांत, विशेषतः दक्षिण कोरियात, ती वापरतात. पण वॉरफरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी आयएनआर (रक्त गोठण्याची चाचणी) पाहिल्याशिवाय नाही.

सुईने कॅन्सर पसरतो ही भीतीही पाठ सोडत नाही. बारीक सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याच्या नोंदी जगभरात इतक्या तुरळक आहेत की त्यापायी तपासणी टाळण्यात काही अर्थ नाही.

पाठवणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर चार गोष्टी लिहिल्या तरी आमचे निम्मे काम सोपे होते: गाठीची बाजू आणि माप, सोनोग्राफीची टायरॅड्स श्रेणी (गाठ किती संशयास्पद दिसते ती), टीएसएच (थायरॉइडला चालना देणाऱ्या हार्मोनची पातळी), आणि आधी सुई घातली असेल तर कधी. टीएसएच कमी असेल तर आधी आयसोटोप स्कॅन करावा. जास्त काम करणारी ‘हॉट’ गाठ क्वचितच कॅन्सरची असते आणि तिच्या दाट पेशी स्मिअरवर उगाच फॉलिक्युलरचा संशय उभा करतात. मानेतल्या लसिका ग्रंथीत सुई घातली असेल तर स्मिअर झाल्यावर तीच सुई 1 मिलि नॉर्मल सलाइनमध्ये धुऊन ते पाणी थायरोग्लोब्युलिन या थायरॉइडच्या प्रथिनाच्या मोजणीसाठी पाठवावे, मेड्युलरी या थायरॉइडच्या दुसऱ्या कॅन्सरचा संशय असेल तर कॅल्सिटोनिन या हार्मोनच्या मोजणीसाठी. नळी नाव घालून आधीच हाताशी ठेवावी. आयत्या वेळी शोधत बसले की सुईतले रक्त गोठून जाते.

आपला,
एक पॅथॉलॉजिस्ट, सोलापूर