आधी बस, मग एफएसआय

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत जुन्या शेडच्या जागी मजले चढवावेत, आयटीवाल्यांना बोलवावं, अशी चर्चा अधूनमधून कानावर येते. पुण्यात मेट्रो स्थानकाच्या पाचशे मीटरच्या आत चारपर्यंत एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते प्रमाण) मिळतो, मग आपल्यालाच का नाही, हा त्यातला हुकमी मुद्दा. मी याच वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे आणि राजारामपुरीतून बसनं ये-जा करते, म्हणून हे पत्र.

पुण्यात तो एफएसआय मेट्रोच्या जोरावर दिलाय. आपल्याकडं मिरजेची रेल्वे गूळ मार्केट, वळिवडे, रुकडी अशी भलत्याच दिशेनं निघून जाते. गोकुळ शिरगावला येणाऱ्याला हायवेवरची बस, वडाप (शेअर जीप) नाहीतर स्वतःची गाडी. त्यात शेजारी उजळाईवाडीचा विमानतळ. कागदावर एफएसआय कितीही द्या, इमारत किती उंच न्यायची हे विमानतळ प्राधिकरणाच्या ना-हरकत पत्रावर ठरणार. मजल्यांची गणितं मांडणाऱ्यांनी आधी तो नकाशा उघडून बघावा.

आणि ते पाचशे मीटर मोजायचे कसे? नकाशावर थांब्याभोवती कंपासनं वर्तुळ मारलं की कारखाने त्यात बसतात. पायी चालणाऱ्याचं वर्तुळ वेगळं असतं. जाताना किंवा येताना, एकदा तरी हायवे ओलांडावाच लागतो. सातारा-कागल सहापदरीकरणानं तो आणखी रुंद होतोय, म्हणजे समोर दिसणाऱ्या थांब्यावर जायलाही भुयारी मार्ग गाठून वळसा घालायचा. आतल्या रस्त्यांवर कडेला ट्रक आणि टेम्पो उभे, त्यामुळं माणूस चालतो ते मधूनच. फाउंड्रीची, म्हणजे धातू वितळवून ओतणाऱ्या कारखान्याची, वापरलेली काळी वाळू कडेला सांडलेली असते. पहिल्या पावसात तिचा असा काही राडा होतो की सकाळी सातच्या शिफ्टच्या पोरी सेफ्टी शूज पिशवीत ठेवतात, साध्या चपलांवर गेटपर्यंत येतात आणि तिथल्या नळावर पाय धुऊन मग बूट चढवतात. दुसरी शिफ्ट सुटते तेव्हा बाईमाणसानं त्या रस्त्यानं एकटं चालत हायवेवर यावं, असं मी तरी कुणाला सांगणार नाही. पुनर्विकासाचा आराखडा करणाऱ्यानं एकदा एवढं अंतर चालून दाखवावं. गाडी गेटच्या आत लावून नव्हे.

'सगळ्यांकडं दुचाकी आहे, बसला बसतंय कोण?' असं आमचे मालकलोक म्हणतात. मालक, सुपरवायझर, जुने ऑपरेटर यांच्याकडं आहे, खरंय. आयटीआय करून नुकतं लागलेलं पोरगं, कंत्राटावरच्या बायका, खोली करून राहिलेले परप्रांतीय कामगार हे मोजणीतच येत नाहीत. पार्किंग मात्र नेमानं मोजलं जातं.

खरं तर हा धडा कोल्हापूरला बाहेरून शिकायची गरज नाही. मिरज-कोल्हापूर रेल्वे 1891 मध्ये सुरू झाली आणि शाहू महाराजांनी 1895 मध्ये स्टेशनलगत शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. आधी गाडी, मग पेठ. गुळाच्या भेल्या पेठेतून वॅगनपर्यंत न्यायला अंतर उरलंच नाही. हिंजवडीत नेमकं उलटं झालं. आयटी पार्क आधी उभं राहिलं, माण ते शिवाजीनगर या 23 किलोमीटरच्या मेट्रोचं काम लागायला वीसेक वर्षं गेली, आणि तोवर वाकडच्या चौकात वाहतुकीचं काय चालायचं हे पुण्याला नोकरीला असलेल्या कुठल्याही कोल्हापूरकराला विचारा.

पीएम ई-बस योजनेतून आपल्या शहराला शंभर बस मंजूर झाल्या. त्यांचे मार्ग आणि वेळा ठरवताना शिफ्ट सुटण्याची वेळ धरून गाड्या सोडा, त्या हायवेवर न थांबवता वसाहतीच्या आत फिरवा. शहराच्या हद्दवाढीचा वाद निघाला की केएमटी, म्हणजे महापालिकेची बस, हद्दीबाहेरच्या गावांत कशाला पाठवायची, असा सूर लागतो. त्या भांडणात कामगारांची बस ओढू नये. ती कारखान्यांसाठी धावते, आणि कारखान्यांचा पैसा फिरतो तो शहराच्याच बाजारपेठेत.

मग एफएसआय द्यायचाच तर थांब्याला लागून द्या. आज हायवेकडेचे मोक्याचे प्लॉट गोदामांना आणि शोरूमना जातात, म्हणजे जिथं माणसं कमीत कमी काम करतात ते बसच्या दारात आणि तीन शिफ्टचे कारखाने आत लांब. शेड पाडून नवं बांधताना हे फिरवता येईल. थांब्याजवळच्या इमारतीत वर ऑफिसं, खाली कॅन्टीन, पाळणाघर, बायकांसाठी भाड्याच्या खोल्या. फाउंड्र्या मात्र आहेत तिथंच राहू देत. त्यांना हाकलून काचेचे टॉवर उभे करण्याला माझा विरोध आहे. या शहराची ओळख त्या भट्ट्यांवर आहे.

गोशिमानं, म्हणजे इथल्या कारखानदारांच्या संघटनेनं, सगळ्या कारखान्यांच्या शिफ्टच्या वेळा आणि कुठल्या भागातून किती कामगार येतात याचा तक्ता करून केएमटीला द्यावा. बहुतेक कंपन्यांच्या टाइम ऑफिसात ही माहिती असते. एमआयडीसीनं आतल्या रस्त्यांना फुटपाथ आणि दिवे कधी होणार, याची तारीख जाहीर करावी. एफएसआयची फाईल त्यानंतर हलवा.

आपली,
एक नोकरदार वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर