सज्ञानतेचे वय १८च राहावे, सातबाऱ्यानेही ते मानावे

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

मुलींच्या विवाहाचे किमान वय २१ करणारे विधेयक हिमाचल प्रदेश विधानसभेने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजूर केले, तेव्हापासून ‘महाराष्ट्राने सज्ञानतेचेच वय २१ करावे’ असे नाशिकमधील शिकलेसवरलेले लोकही बोलताना ऐकतो. अज्ञान मुलांचा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत, असल्याने राष्ट्रपतींच्या संमतीने राज्याला तसा कायदा करता येईलही. पण तो करू नये, असे मला मनापासून वाटते. विवाहाला किंवा मद्याच्या परवान्याला वेगळी वयोमर्यादा घालणे निराळे आणि स्वतःच्या मालमत्तेवरचा हक्क लांबवणे निराळे. १८७५ च्या कायद्याने वय १८ ठरवले, तरी न्यायालयाने पालक नेमलेली मुले २१ पूर्ण होईपर्यंत अज्ञानच धरली जात. म्हणजे बहुधा ज्यांचे छत्र हरपले, त्यांनाच तीन वर्षे अधिक थांबावे लागे. संसदेने १९९९ मध्ये काढून टाकलेली ती अट आता सगळ्यांनाच लावायची का?

माझी भाची १४ वर्षांची असताना तिचे वडील वारले आणि द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर तिच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ (अज्ञान पालनकर्ता आई) असे लागले. गेल्या वर्षी तिला १८ पूर्ण झाली, मतदार यादीत नावही आले. परंतु गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची छाटणी) तोंडावर असताना पीककर्जाला गेलो, तर तिची सही चालेना, कारण सातबाऱ्यावर ती अज्ञान. आणि आईचीही चालेना, कारण कायद्याने मुलगी सज्ञान. अर्ज, जन्मदाखला, फेरफार, नोटिशीची मुदत हे सारे होईपर्यंत थांबणे शक्य नव्हते, म्हणून छाटणी उसनवारीवर उरकली.

याहून गंभीर बाब अशी की, पालकाने न्यायालयाच्या परवानगीविना अज्ञान मुलाची जमीन विकली असेल, तर ती विक्री रद्द करून घेण्याचा दावा सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांतच लावावा लागतो. ही मुदत वाढदिवसापासून धावू लागते. सातबारा मात्र जागचा हलत नाही, आणि ज्याची जमीन गेली त्या मुलाला कोणी काही कळवतही नाही.

म्हणून महसूल विभागाला विनंती आहे की, वारसनोंदीच्या फेरफारातच जन्मतारीख लिहून घ्यावी, १८ वर्षे पूर्ण होताच अ.पा.क. शेरा अर्जाविना कमी करावा आणि तसे त्या मुलाला लेखी कळवावे.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक