‘संपूर्ण घर चालेल’ म्हणजे नेमकं काय काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकातल्या छोट्या जाहिराती मी बातम्यांच्या आधी वाचते. सध्या तिथे जुने जनरेटर विकायला काढलेले दिसतात आणि बऱ्याच जाहिरातींत एकच वाक्य असतं : ‘संपूर्ण घर चालेल.’ केव्हीए (म्हणजे सेटची क्षमता) किती, सिंगल फेज की थ्री फेज, सेट किती तास चाललेला, यातलं काही नाही. तासगावात आमचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं, आता मी आणि मुलगा बघतो. ‘संपूर्ण घर’ चालवणाऱ्या सेटवर जळालेल्या मोटारी शेवटी आमच्याच बाकावर येतात. धंदा म्हणून पाहिलं तर मी गप्प बसायला हवं, पण राहवत नाही.

मागणी का वाढली ते आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. 2019 आणि 2021 च्या पुरात नदीकाठाला दिवसेंदिवस वीज नव्हती. त्यात 1 जुलै 2023 पासून नव्या जनरेटरला प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले आणि नवे सेट महागले. दुसरीकडे ऑफिसं, पतसंस्था, मोबाइल टॉवरवाले आपले जुने सेट काढून टाकतात. ते लिलावातून व्यापाऱ्याकडे, व्यापाऱ्याकडून आपल्या अंगणात. आम्हीही असाच एक घेतला. एका पतसंस्थेने शाखा बंद करताना काढलेला.

पाटीवर लिहिलेलं : 7.5 केव्हीए, 230 व्होल्ट, 32.6 अँपिअर, पॉवर फॅक्टर 0.8, 1500 आरपीएम. एक सिलिंडर, दहा हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन. विकणारा सगळ्यांना ‘साडेसात हजार वॅट’ सांगत होता. केव्हीएला पॉवर फॅक्टरने गुणलं की किलोवॅट मिळतात. साडेसातला 0.8 ने गुणलं की सहा येतात, म्हणजे सेट सहा किलोवॅटचा. तोही नवा असताना. अँपिअरची मर्यादा अल्टरनेटरच्या (वीज तयार करणाऱ्या भागाच्या) तांब्याची असते आणि वॅटची मर्यादा इंजिनाच्या ताकदीची. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे जाहिरात देणाऱ्याला माहीत नसतं किंवा माहीत असून तो सांगत नाही.

म्हणून घरात वायर जोडण्याआधी आम्ही त्याला कामाला लावून पाहिलं. दोनशे लिटरचं प्लास्टिकचं पिंप, त्यात दीड किलोवॅटचे पाणी तापवायचे चार रॉड, प्रत्येकाला वेगळा सॉकेट आणि स्विच. रॉडचा भार सरळ असतो. जेवढे वॅट लिहिलेत तेवढे तो घेतो, सुरू होताना उसळी मारत नाही. पिंप लहान घेऊ नका. सहा किलोवॅटवर शंभर लिटर पाणी तासाभरात हात घालवणार नाही इतकं तापतं. (तापलेलं पाणी वाया गेलं नाही, शेजारणींनी कपड्यांना नेलं.) रॉड चालू असताना पाण्यात बोट घालायचं नाही, हे सांगायला लागू नये, पण सांगते. काही जुने वायरमन मिठाच्या पाण्यात पत्रे सोडून भार देतात. तो प्रकार मी आमच्या दारात होऊ देत नाही.

बिनभाराला मीटरवर 240 व्होल्ट आणि 52 हर्ट्झ. (हर्ट्झ म्हणजे विजेची वारंवारिता. ती इंजिनाच्या वेगाबरोबर वर-खाली होते, हवी पन्नास.) एकेक रॉड टाकला तसा टाँग टेस्टरवर (वायरीभोवती चिमटा लावून अँपिअर मोजायचं मीटर) साडेसहा-साडेसहा अँपिअरने काटा वाढत गेला. तीन रॉडपर्यंत वारंवारिता पन्नासच्या आसपास राहिली. चौथा टाकला आणि इंजिन कण्हायला लागलं, 47 हर्ट्झवर आलं, सायलेन्सरमधून काळा धूर. टेस्टर 26 अँपिअर दाखवत होता. नुसत्या अँपिअरकडे पाहणारा म्हणेल, अजून सहा अँपिअर शिल्लक आहेत. व्होल्टेजकडे पाहणाराही फसेल, कारण चांगला एव्हीआर (व्होल्टेज आपोआप सांभाळणारा भाग) इंजिन मंदावलं तरी व्होल्टेज बऱ्यापैकी सांभाळून धरतो. खरं सांगतो तो हर्ट्झचा आकडा, आणि तो मीटर जनरेटर विकणाऱ्याकडे मला अजून दिसलेला नाही. मेकॅनिकने नोझल बदलला, एअर फिल्टर नवा घातला, तेव्हा चार रॉडवर 49 मिळाले. तरीही आम्ही या सेटला मनातल्या मनात पाच किलोवॅटचाच धरतो. आणि ही चाचणी इंजिन तापल्यावरची आहे. पाच मिनिटं चालवून ‘बघा, कसा पळतोय’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तासभर भार द्या.

आता मोटारी. इथेच सगळा घोटाळा होतो. एक हॉर्सपॉवरची घरघंटी चालू असताना सात-एक अँपिअर घेते. सुरू होताना मात्र क्षणभर पस्तीस-चाळीस. महावितरणच्या लाइनवर हे कळतही नाही, कारण पाठीमागे अख्खा डीपी, म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, उभा असतो. जनरेटरवर तेवढ्यापुरते दिवे मिणमिणतात, व्होल्टेज खाली बसतं. आमच्या सेटवर एकटी घरघंटी सहज उचलली. दोन रॉड चालू ठेवून सुरू केली तेव्हा मात्र ती घुमत राहिली, वेग घेईना. लगेच बंद केली. असं घुमत राहणं फार वाईट. या मोटारीत दोन वाइंडिंग असतात. सुरुवातीचं वाइंडिंग बारीक तारेचं, दोन-चार सेकंदांच्या कामाचं. मोटारीने वेग घेतला की आतला सेंट्रिफ्यूगल स्विच ते तोडतो. वेगच आला नाही तर स्विच सुटत नाही आणि ती बारीक तार लाल होत बसते. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी सिंगल फेज मोटारी उघडल्या की रनिंग वाइंडिंग धडधाकट आणि स्टार्टिंग वाइंडिंग कोळसा. गिऱ्हाईक म्हणतं, ‘वहिनी, मोटार चालता चालता जळाली.’ ती चालू होताना जळालेली असते.

म्हणून सगळ्यात मोठी मोटार आधी, एकटी. ती वेगात आली की पुढची. दिवे, पंखे, टीव्ही सगळ्यात शेवटी.

फ्रिजचं फारसं काही नाही. फक्त वीज गेल्या गेल्या लगेच जनरेटर लावून फ्रिज सुरू करू नये, पाच मिनिटं जाऊ द्यावीत. कॉम्प्रेसरमधला दाब उतरल्याशिवाय तो अडतो. मिक्सर, अर्ध्या हॉर्सपॉवरची टाकीची मोटार, पंखे, दिवे हे सगळं मिळून आमच्या सेटला जड नाही. गिझर चालतो, पण डिझेल जाळून आंघोळीचं पाणी तापवणाऱ्याला मी काय सांगणार? घरातला इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेत नसेल तर त्याच्या पाठीमागचं बटण ‘यूपीएस’वरून ‘नॉर्मल’ला करून पाहा. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

वर्कशॉपची गोष्ट वेगळी. आमच्या लेथला दोन हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटार आहे. सेट सिंगल फेज, म्हणजे लेथ बंदच. केव्हीए कितीही असले तरी यात काही होत नाही, आणि ‘वर्कशॉपसाठी उत्तम’ असं जाहिरातीत लिहिणाऱ्याने एवढं तरी लिहायला हवं. दोन हॉर्सपॉवरचा सिंगल फेज कॉम्प्रेसर टाकी रिकामी असताना उचलला. टाकीत हवा भरलेली असताना नाही. वॉल्व्ह उघडून हवा सोडायची, मग सुरू करायचा. ड्रिल, हँड ग्राइंडर बिनधास्त. वेल्डिंगचं जुनं ट्रान्सफॉर्मर मशीन दोन फेजवर चालणारं, ते या सेटच्या वाटेला जाणारच नव्हतं. इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनवर बारा नंबरचा, म्हणजे बारीक, वेल्डिंग रॉड छान चालला. दहा नंबरच्या जाड रॉडला करंट वाढवला की इंजिन खालीवर दम टाकायला लागलं, म्हणून ते काम सोडून दिलं.

बागायतदार विचारतात, विहिरीवरची पाच हॉर्सपॉवर कशावर चालेल? ती चालू असताना साडेपाच केव्हीएच्या आसपास घेते. मोटारीला एकदम पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या साध्या डीओएल स्टार्टरने उचलताना सहापट, म्हणजे तीस केव्हीएच्या वर. म्हणून पंधरा केव्हीएचा थ्री फेज सेट लागतो आणि तोही क्षणभर वाकतो. आधी कमी व्होल्टेज देऊन उचलणारा स्टार-डेल्टा स्टार्टर असेल तर तो धक्का एक तृतीयांशावर येतो, मग लहान सेटवर जमू शकतं. पण मोटारीची उचलण्याची ताकदही एक तृतीयांश होते, हे विसरू नये.

उलट बाजूचंही सांगते. दोन पंखे आणि टीव्हीसाठी पंधरा केव्हीएचा सेट आणून ठेवणारे लोक आहेत. आमचा साडेसातचा सेटसुद्धा तीन किलोवॅटवर तासाला सव्वा लिटर डिझेल घेतो, आणि नुसते तीनशे वॅट दिले तरी अर्ध्या लिटरच्या खाली येत नाही. आजच्या भावाने पहिल्या बाबतीत युनिट चाळीस रुपयांच्या आत पडतं, दुसऱ्या बाबतीत दीडशेच्या घरात. शिवाय डिझेल इंजिन हलक्या भारावर थंड राहतं, पूर्ण जळण होत नाही, कार्बन धरतो, सायलेन्सरमधून तेल ठिबकतं. एवढ्याला साधा बॅटरी-इन्व्हर्टर बरा.

आता खास आपल्या जिल्ह्याची गोष्ट. 2019 नंतर भिलवडी, अंकलखोप, सांगलीवाडीकडच्या पाण्याखाली गेलेल्या मोटारी ट्रॉल्या भरभरून आमच्याकडे आल्या. जनरेटरही बुडाले होते. त्यातले काही धुऊन, वाळवून, रंग मारून पुन्हा बाजारात गेले. बाहेरून नवरदेव. टर्मिनल बॉक्सचं झाकण काढा आणि कोपऱ्यात, स्क्रूच्या खाचेत पाहा. गाळ वाळून बसलेला असेल तर सेट बुडालेला आहे. 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वाइंडिंग आणि बॉडी तपासा. एक मेगओहमच्या खाली असेल तर पैसे खिशातच ठेवा.

याच्या उलट, चांगला सेट भंगारात जातानाही मी पाहिला आहे. वर्षानुवर्षं बंद राहिलेल्या अल्टरनेटरच्या लोखंडातलं उरलेलं चुंबकत्व जातं. इंजिन चालतं, व्होल्टेज शून्य. मालक समजतो वाइंडिंग गेलं आणि किलोवर देऊन टाकतो. एव्हीआर सोडवून फील्डला (चुंबकत्व तयार करणाऱ्या वाइंडिंगला) क्षणभर बारा व्होल्टची बॅटरी दाखवली की बरेचदा तो जागा होतो. हे जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं, पण करून घ्यावं. हे छापून आल्यावर व्यापारी माझ्यावर नाराज होतील, होऊ देत.

सगळ्यात जास्त भीती मला ज्याची वाटते ते आता. दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर. एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये. ‘मेन स्विच पाडलाय की’ म्हणतात. कुणीतरी तो उचलतो, किंवा तो पाडायचाच राहतो. मग ती वीज सर्व्हिस वायरने खांबावर आणि खांबावरून डीपीत जाते. डीपी एरवी 11 हजार व्होल्टचे 433 करतो. खालून वीज घुसली की तोच उलटा चालतो आणि वरच्या तारेत हजारो व्होल्ट येतात. तिथे वीज बंद आहे असं समजून वायरमन चढलेला असतो. पुरात सगळ्यात आधी चिखलात उतरणारी हीच माणसं. चेंजओव्हर स्विच बसवा. त्याचा दांडा एकतर लाइनकडे नाहीतर जनरेटरकडे, दोन्हीकडे एकदम जातच नाही. न्यूट्रलही त्यातूनच बदलून घ्या. जनरेटरची बॉडी अर्थ करा, न्यूट्रलचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. ते नसेल तर घरातला आरसीसीबी (शॉक बसताच वीज तोडणारा स्विच) वेळेला पडणार नाही. सेट जिन्याखाली किंवा बंद खोलीत लावू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आपल्याकडे दोन मागण्या आहेत. जुन्या जनरेटरची जाहिरात घेताना केव्हीए, फेज, अवर मीटरचा आकडा आणि ‘भार देऊन पाहता येईल की नाही’ एवढ्या चार गोष्टी मागून घ्याव्यात. देणाऱ्याने नाही दिल्या तर नाही. वाचक काय समजायचं ते समजेल. दुसरं, सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, जिल्ह्यात आयटीआय आणि तंत्रनिकेतनं आहेत. त्यांच्या इलेक्ट्रिकल प्रयोगशाळांत लॅम्प बँक, मीटर, मेगर सगळं असतं. मे महिन्यात, पावसाआधी, एखादा दिवस ठेवून त्यांनी लोकांचे सेट तपासून द्यावेत. मुलांनाही पुस्तकाबाहेरची इंजिनं बघायला मिळतील. वृत्तपत्राने शब्द टाकला तर हे होऊ शकतं.

तोपर्यंत आमचं पिंप आणि चार रॉड दुकानाच्या मागे आहेतच. तासगाव स्टँडवर रिवाइंडिंगवाल्या वहिनी म्हणून विचारलं तर कुणीही दुकान दाखवेल. डिझेल मात्र ज्याचं त्याने आणावं.

आपली,
एक मोटार वाइंडर
तासगाव, जि. सांगली