सूचना : दोर दोन, बांधायची जागाही दोन
मंडळी, दिवाळीआधीची, दोरावर बसून करायची काचसफाई सुरू झालीय. नाशिकच्या गंगापूर रोड, पाथर्डी फाट्याच्या टॉवरची कामं एकदम अंगावर येतील. बसायचा दोर वेगळा, लाइफलाइन (पडलो तर अडवणारा सुरक्षा दोर) वेगळी आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी बांधायच्या. टाकीचा पाइप किंवा गच्चीचं रेलिंग चालणार नाही. काल एक दोर कठड्याच्या कोपऱ्यावर घासून आतला पांढरा धागा दिसत होता. तुकडे करून टाकला, नाहीतर कुणीतरी परत वापरला असता. कठड्यावर जाड गोणपाट घालाच. नुसता कमरेचा पट्टा बंद. फुल बॉडी हार्नेस, म्हणजे खांदे, छाती आणि मांड्या धरणारा पट्टाच हवा, तोही आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा शिक्का बघून. पडून हार्नेसमध्ये लटकलेला माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो, म्हणून गच्चीवर एक जण कायम हवा. चहाला जायचं तर बदली देऊन. वारा सुटला की खाली उतरा, सुपरवायझर काय बोलायचं ते बोलू दे.