घड्याळ अचूक, पण बोटाचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेगमर्यादा ओलांडल्याबद्दल मला दंडाचं चलान आलं. मर्यादा ६०ची, माझा वेग नोंदवला होता ताशी ६७ किलोमीटर. तिथे कॅमेरा नव्हता, रडारही नव्हतं. रस्त्यावर रंगवलेल्या दोन पट्ट्यांमधलं अंतर गाडीने किती वेळात कापलं, ते एका पोलिसाने हातातल्या उपकरणाची कळ दाबून मोजलं होतं. पुढे वळण असल्यामुळे त्या ठिकाणी मी नेहमी काट्याकडे बघते, आणि त्या दिवशी तो ६०च्या किंचित आत होता. म्हणून मी हरकत घेतली.

वेग मोजण्याला माझा विरोध नाही. ६०च्या वेगाने गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त पुढे जाते. रस्ता ओलांडणाऱ्या मुलाला तो एक सेकंद पुरत नाही. पण तीस वर्षं मी शाळेत खेळ शिकवले आणि मैदानी स्पर्धांमध्ये अंतिम रेषेवर स्टॉपवॉच धरून बसले. हाताने घेतलेली वेळ कुठे आणि कशी चुकते, हे मला माझ्या अंगठ्यामुळे माहीत आहे.

शर्यतीत पिस्तुलाचा आवाज ऐकून घड्याळ सुरू करायचं नसतं. आवाजाला शंभर मीटर यायला जवळजवळ ०.३ सेकंद लागतात, म्हणून धूर किंवा ठिणगी दिसताच कळ दाबायची. तरीही डोळ्याने पाहून बोट हलेपर्यंत थोडा उशीर होतोच. शेवटी मात्र धावपटू समोरून येताना दिसत असतो. तो रेषेवर कधी पोहोचणार याचा अंदाज मनात आधीच बांधलेला असतो, त्यामुळे थांबवताना तेवढा उशीर होत नाही. सुरुवात उशिरा आणि शेवट वेळेवर, म्हणजे हातची वेळ खऱ्यापेक्षा कमी भरते. शंभर मीटरच्या शर्यतीत विजेवरच्या घड्याळाशी तुलना करायची तर हातच्या वेळेत ०.२४ सेकंद मिळवतात, ते यासाठीच. १ जानेवारी १९७७ पासून ४०० मीटरपर्यंतच्या शर्यतींचा जागतिक विक्रम हातच्या वेळेवर धरतच नाहीत.

धावपटूची वेळ कमी भरली तर त्याचा फायदा होतो. गाडीची वेळ कमी भरली की वेग वाढतो आणि चालकाला दंड होतो. चूक तीच, पण इथे ती सोसणारा माणूस वेगळा.

चलानावर अंतर आणि वेळ दोन्ही नव्हतं. अर्ज करून मागितलं तेव्हा कळलं: अंतर ५० मीटर, वेळ २.७० सेकंद. माझा वेग ५९ असता तर हे अंतर ३.०५ सेकंदांत झालं असतं. म्हणजे सगळा वाद ०.३५ सेकंदाचा आहे. त्यातले ०.२४ वर सांगितलेच. उरलेल्याचा खुलासा उभं राहण्याच्या जागेत आहे. पोलीस दुसऱ्या पट्टीजवळ उभे होते आणि पहिली पट्टी त्यांना ५० मीटरवरून तिरपी दिसत होती. अशा वेळी बंपर पट्टीवर आल्यासारखा दिसतो तेव्हा तो प्रत्यक्षात पट्टी ओलांडून पुढे आलेला असतो. दोन मीटरचा फरक पडला तरी ०.१२ सेकंद गेले. आम्हा वेळाधिकाऱ्यांना अंतिम रेषेच्या अगदी सरळ रेषेत, पायऱ्यांवर एकावर एक बसवायचे ते उगाच नाही. आणि आम्ही तिघं असायचो. तिघांच्या वेळा वेगळ्या आल्या तर मधली धरायची, आणि १२.३१ आली तर १२.४ लिहायची. इथे एक माणूस, एक घड्याळ, आणि शतांश सेकंदापर्यंतचा आकडा जसाच्या तसा ग्राह्य.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी तपासणीचा दाखला समोर ठेवला. उपकरण नुकतंच तपासलेलं होतं आणि त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती. मी पर्समधून माझी दोन जुनी स्टॉपवॉच काढली आणि तिथल्या दोघांना भिंतीवरच्या घड्याळात सेकंदकाट्याचे बरोबर तीन सेकंद मोजायला सांगितलं. एकाचे आले २.८८, दुसऱ्याचे ३.११. पन्नास मीटरला लावून पाहा: पहिला म्हणेल गाडी ६२.५ने गेली, दुसरा म्हणेल ५७.९ने. गाडी एकच, आणि पावती फक्त पहिल्याकडून फाटणार. अधिकाऱ्यांनी दोन्ही आकडे फाइलमध्ये लिहून घेतले, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवं. निकाल अजून आलेला नाही.

दुसराही एक मुद्दा मी तिथे मांडला. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमाप्रमाणे स्पीडोमीटरने वेग खऱ्यापेक्षा जास्त दाखवला तर ठरावीक मर्यादेपर्यंत चालतो, कमी दाखवलेला अजिबात चालत नाही. काट्यावर ६०च्या आत दिसत असताना प्रत्यक्षात ६७ असणं म्हणजे माझा स्पीडोमीटरच बिघडलेला असायला हवा. तो मी तपासून घेतला आहे आणि त्यात दोष निघाला नाही.

उपाय अवघड नाहीत. हाताने वेळ घ्यायचीच असेल तर अंतर वाढवा. पट्ट्या ५०० मीटरवर असत्या तर ०.३६ सेकंदाच्या चुकीने ६०चे जेमतेम ६०.७ झाले असते. नाहीतर बोट मध्ये आणूच नका. गॅट्सोनिडीस हे डच रॅलीचालक वळणावरचा स्वतःचा वेग मोजण्यासाठी जे साधन वापरत, त्यात गाडीची चाकंच घड्याळ सुरू आणि बंद करत. वेगाचे कॅमेरे पुढे त्यातूनच आले. आणि तोवर निदान प्रत्येक चलानावर मोजलेलं अंतर, घेतलेली वेळ आणि मोजणारा कुठे उभा होता, एवढं छापा. मला हे तीन तपशील मिळवायला दोन अर्ज करावे लागले. ज्याला या तपशिलांचं महत्त्व ठाऊक नाही तो ते मागणारही नाही, गुपचूप दंड भरून मोकळा होईल.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका